सात नंबरचा माग आणि मंतरलेला दोरा

सात नंबरच्या मागावर दांडा मोडला की मनोज मागाकडे बघायचा नाही, बायकोकडे बघायचा. लेकाची ही खोड बघून बघून ठकुबाईला वीट आला होता. नवऱ्याचा राग, दिराचे रुसवे, मागांची दुखणी, सगळं तिनं जन्मभर निस्तरलं. आता पोराचं खूळ निस्तरायला अंगात जीव उरला नव्हता.

आज कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या शेडांतले कामगार, आळीतल्या बाया, सगळे टाचा उंचावून उभे. मधोमध जटाबाबा. मोडायचा तो दांडा म्हणजे आडवा धागा वाहणाऱ्या धोट्याला तडाखा देऊन या टोकाहून त्या टोकाला फेकणारा लाकडी हात. दर शिफ्टला एक मोडत होता. काल तर धोटा उडून नूर मोहम्मदच्या कानाला घासून गेला. वीस वर्षांचा मुरलेला विणकर, पण तेव्हापासून तो सात नंबरजवळ जायला कचरत होता.

"यंत्राला बाईची नजर लागली आहे," बाबा डोळे मिटून म्हणाले. "नवी आहे. लोखंडाशी बोलते. अमावास्येच्या आत तिनं उंबरा सोडला तर घर वाचेल, न सोडला तर माणूस जाईल."

सगळ्या माना दिशाकडे वळल्या. तीन महिन्यांपूर्वी आलेली सून. डिप्लोमा झालेली, दापोड्याच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर यंत्रांची डिझाइनं करणारी.

मनोज पायाकडे बघत म्हणाला, "दिशा, तू अंबाडीला माहेरी जा. मी सांगेपर्यंत येऊ नको."

बाबांनी दांड्याला काळा दोरा बांधला. "देवाला घाई चालत नाही. अकरा दिवस यंत्र देवाच्या चालीनं चालवा. पाना द्या, सतराचा." पान्याला कुंकू लावून त्यांनी मोटारीचे बोल्ट सैल केले, मोठी पुली उतरवून लहान चढवली. लोक दोऱ्याला हात जोडत होते. ठकुबाई मात्र पान्याकडे बघत होती. देवाला सतराचा पाना कधीपासून समजायला लागला?

गेल्या महिन्यातही हेच झालं होतं. अकरा दिवस माग गुमान चालला. बाराव्या दिवशी मनोजनं मोठी पुली परत लावली आणि दांडा मोडला. बाबा म्हणाले, दोऱ्याची ताकद संपली!

गर्दी पांगल्यावर दिशा लॅपटॉप घेऊन सासूपाशी आली. दांडा, त्याची खीळ, चामड्याचा पट्टा, सगळं मापून तिनं चित्रात उतरवलं होतं. चित्रातला दांडा खऱ्यासारखा हलत होता.

"आई, हे बघा. लहान पुलीवर दांडा हिरवा राहतो. आता मोठी लावते. वेग वाढला सव्वापट, पण दांड्यावरचा मार दीडपटीच्या वर गेला. या खालच्या भोकापाशी लाल झालाय ना? तिथं मोडणार."

"रंग बाबापन दावतो गो. त्याचा भगवा, तुजा लाल. मना सही शिकायला दोन वर्सं लागली, तुजा डबा मी काय वाचू? मागावर करून दाव."

"दाखवते. पण दोन दिवस मला घालवू नका."

"तुला घालवू द्यायला मी काय मेलेय?"

दुसऱ्या दिवशी ठकुबाईनं दोरा सोडायला लावला. लहान पुली तशीच. दिशा रजा टाकून सबंध शिफ्ट मागाशेजारी स्टूल टाकून बसली. नूर मोहम्मद आधी लांबच राहिला.

"भाभी, धागा निकाला हाय, ऊपर से बहू बाजू में. डर लगता है."

"मग तुज्या बाजूला मी बसतंय. मोडला तर दोघं मरू."

दांडा मोडला नाही.

तिसऱ्या दिवशी ठकुबाईनं बाबांना बोलावणं धाडलं, आळीलाही. बाबांनी स्वतःच्या हातानं ताजा दोरा बांधला. नजरेचं निमित्त नको म्हणून दिशाला तिनं घरी बसवलं. घरी जायच्या आधी दिशानं दांड्यावर खालच्या भोकापाशी खडूची रेघ मारली. नूर मोहम्मदनं धोटा काढून ठेवला, सगळ्यांना मागे सारलं. दोरा ताजा आहे ना, म्हणत ठकुबाईनं मोठी पुली चढवायला लावली. माग धडधडू लागला. बाबांचा मंत्र चढत गेला. चहा फिरला, लोक जांभया देऊ लागले.

खाड्!

दांडा मोडला होता. रेघेवर. दोरा वरच्या तुकड्याला तसाच लटकत होता.

"कुणाच्या तरी मनात शंका होती," बाबा पुटपुटले.

"व्हती ना, माज्या," ठकुबाई म्हणाली. "कुठच्या शेडात मिस्त्री होतास रं? पुली बदलायची तू, नि पाया पडून घ्यायचं दोऱ्यानं?"

नूर मोहम्मद थकून हसला. बाबा झोळी सावरत चपला शोधू लागले.

मनोज म्हणाला, "आई, पण बाबांचा उपाय तर लागू पडत होता..."

"पुलीचा पडत होता. ती मोठी पुली कोनी आनली? लग्नाच्या आठवड्यात, जास्ती कापड निघंल म्हनून, तूच ना?"

ठकुबाई मागाच्या कडेला टेकली. ओरडायचं त्राण नव्हतं, म्हणून ती हळूच बोलली, आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

"तू दुष्ट न्हाईस, मनोज. तुला इचार करायचा आळस हाय. लोखंड मोडलं तर लोखंडाला इचारावं. मापावं, काढावं, लावून बघावं. ते कष्टाचं. बायकोला बोल लावनं फुकटचं. दोऱ्याच्या भरवशावर नूरचा डोळा गेला असता, तवा तू कोनाला अंबाडीला धाडला असतास? जा, तिला हितं घेऊन ये, नि माफी माग. घरात न्हाय, ह्याच मानसांसमोर. बोल लावलास तवा हीच व्हती."