झेलणारी

“एका हाताला एकच उस्ताद असावा रे पोरा. दोघांचं ऐकलंस का छिन्नी घसरलीच समज.”

हात शिकवणाऱ्या विश्रामकाकांचं हे बोलणं कृष्णकांतनं ऐकलं तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. काका गेले, त्यांची ऐरण कुठल्या भंगारात गेली कोण जाणे, आवाज मात्र कानातून गेला नाही. तारापुरात घरोघरी डाय करतात. पोलादाच्या ठोकळ्यात दागिन्याची नक्षी कोरायची, पुढे कुणीतरी त्यावर सोन्याचा पत्रा ठोकतो आणि कानातलं उठतं. काम एकट्याचं. मान खाली, डोळ्याला भिंग, समोर दिवा. हात आणि पोलाद, तिसऱ्याचं तिथे काही चालत नाही.

म्हणून लेकीचा चेंडू बिघडला तेव्हा त्याला पहिलं सुचलं ते हेच, की पोरीला उस्ताद पाहिजे.

प्रतीक्षा नववीत होती, शाळेच्या सॉफ्टबॉल संघात पिचर. हात खांद्यापासून गरगर फिरवून खालून चेंडू सोडायची, तो समोरच्या पोरीला दिसायच्या आत मागे कॅचरच्या हातमोज्यात जाऊन बसलेला असायचा. पाऊसभर असं चाललं. दिवाळी झाली आणि चेंडूतला जीवच गेला. कधी जमिनीवर, कधी डोक्यावरून, आणि सरळ गेलाच तर असा मऊ, की कुणीही यावं आणि टोलवावा. विभागाचे सामने तोंडावर आलेले. शाळेच्या सरांनी स्पष्ट सांगितलं, “महिनाअखेर सुधारली नाही तर दुसरी पिचर घेईन. माझा इलाज नाही.” प्रतीक्षा घरी येऊन एवढंच म्हणाली, “मग मी खेळणारच नाय.” तेव्हापासून तिचं बोलणं आटलं होतं.

पालघरला एक ललित सर खासगी शिकवतात असं कळलं. रोज दुपारी काम अर्धं टाकून कृष्णकांत स्कूटर काढायचा. तारापूर ते बोईसर, पुढे सरावली, बेटेगाव, मग पालघर. कंपन्यांच्या बसगाड्या, टँकर, मधूनच नाकात शिरणारा तो आंबूस वास. पाठीमागे पोर गप्प. परतताना तिचं डोकं त्याच्या पाठीवर टेकायचं, आणि तो दुखऱ्या डोळ्यांनी रस्ता चाचपडत यायचा.

“ओ, किती दिवस असं चालायचं?” त्याची बायको जागृती ताट वाढताना म्हणायची. “तुमचे डोळे बघा, नुसते इंगळ झालेत. आणि ही जेवता जेवता झोपते.”

“थोडं थांब. हात बसायला वेळ लागतो.”

“हात बसेल तवा बसेल. तुमी आधी आडवे पडाल.”

हात काही बसेना. मैदानात जाळी बांधलेली, पोरी ओळीनं जाळीत चेंडू टाकत राहायच्या. ललित सर माणूस कष्टाळू. पाय कुठे ठेव, मनगट कधी मोड, सगळं पुन्हा पुन्हा सांगायचे. प्रतीक्षा मान हलवायची, करायची, आणि चेंडू जाळीत पडायचा, ओल्या कपड्यासारखा.

त्या शनिवारी सरांनी कृष्णकांतला बाजूला घेतलं.

“काका, खरं सांगू? हिच्या हातात दोष नाही. पाय बरोबर, खांदा मोकळा. पण चेंडू सोडायच्या क्षणी हात आखडतो. भ्यायल्यासारखी करते. कुणाला लागला होता का चेंडू?”

“मला तर काय बोलली नाय.”

“घरी बोलत नाही?”

“आमच्या घरात बोलण्याचं काम कमीच,” कृष्णकांत कसनुसा हसला.

सर मैदानाकडे बघत राहिले. “सकाळची पण बॅच लावा. भीती सरावानं जाते.” मग स्वतःशीच बोलल्यागत, “जाते बहुतेक.”

सकाळी पण. कृष्णकांतनं मनातल्या मनात रस्ता पुन्हा एकदा धरला, जाऊन यायचा, आणि त्याला वाटलं इथेच मातीत बसावं, उठूच नये. पण तो “बरं” म्हणाला.

परतीच्या वाटेवर बेटेगावच्या पुढे त्याचे डोळे इतके चुरचुरले की त्यानं स्कूटर टपरीशी उभी केली. तोंडावर पाणी मारलं, चहा सांगितला. रस्त्यापलीकडे वीटभट्टी होती. कच्च्या विटांच्या रांगा उन्हात वाळत घातलेल्या, बायका त्या उलटत होत्या आणि त्यांतली कुणीतरी कामाच्या ठेक्यावर म्हणत होती:

माती मळली गं बाई, माती साच्यात बसली
लेक नाचरी माझी, कुणी उन्हात ठेवली

चहा येईपर्यंत प्रतीक्षा शेजारी नव्हती. रस्ता ओलांडून ती विटांच्या रांगांतून पळत होती, दप्तरातून चेंडू काढत. समोरून एक काटकुळी पोर येत होती, गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेली.

कृष्णकांतनं तिला ओळखलं. सपना. शाळेच्या संघातली कॅचर. तिचे आईबाप गावातल्या एका वाडीत राखणीला होते. दिवाळीनंतर वाडीचं काम सरलं, तसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन भट्टीवर आलेले. दर वर्षी असंच. पाऊस पडला की परत.

“आलीस कनी!” सपना ओरडली. “मला वाटला इसरलीस.”

“इथे हायस ते सांगायचंस तरी!”

“कुनाकडं सांगू, फोन काय विटेत भाजून देतात?” ती हसली. हात फडक्याला पुसले, एका हाताला तेच फडकं गुंडाळलं आणि उकिडवी बसली. “टाक.”

“हातमोजे नाहीत तुझ्याकडे. लागेल.”

“तुझा चेंडू मला कवा लागलाय? टाक की. भितेस कना?”

पलीकडून तिची आई नवसी बोलली, “सपने, मुकादम बघंल हां!” पण तीही हातातली वीट तशीच धरून उभी राहिली.

प्रतीक्षा मागे सरकली. हात फिरला. एकदा सगळा गोल, आणि चेंडू सुटला. फडक्यात जो आवाज झाला तो रस्त्यावरच्या ट्रकच्या घरघरीतूनही कृष्णकांतला ऐकू आला. सपनानं चेंडू परत भिरकावला. “बरा हाय. पन माझ्या गुडघ्याकडं बघ, तोंडाकडं नको.” पुन्हा हात फिरला. पुन्हा तोच आवाज. सपना जिथे हात धरी तिथेच चेंडू जाई, जणू दोघींत दोर बांधलेला.

हातातला चहा निवत होता. त्याला जाळी आठवली. जाळी काही धरत नाही, म्हणत नाही बरा हाय. शाळेतली नवी कॅचर वेगवान चेंडू आला की डोळे मिटते, हे प्रतीक्षा एकदा बोलली होती आणि त्यानं भिंगावरून मान वर केली नव्हती. कुणाला लागेल या भीतीनं पोर आपलाच हात मागे खेचत होती, आणि तो तिला उस्तादाकडे घेऊन फिरत होता. हे काम एकट्याचं नव्हतंच.

मुकादमाची हाक आली. सपना उठली, फडकं झटकलं, मागे न बघता रांगेत मिसळली. प्रतीक्षा हळूहळू रस्ता ओलांडून आली.

“चल,” तो म्हणाला. “सरांना सांगतो, सकाळची बॅच नको. दुपारची पण नको.”

ती स्कूटरवर बसली नाही. चेंडू पोटाशी धरून तशीच उभी राहिली.

“सामन्यांपुरतं शाळेच्या सरांशी बोलून बघू,” तो म्हणाला, “तिला खेळायला आणता येतं का. तिच्या आईला मी विचारतो.”

“तिची आई नाय म्हणणार नाय, पप्पा. तिलाच पाहिजे होतं.” प्रतीक्षानं चेंडू दप्तरात टाकला. “जायच्या आदल्या दिवशी ती नि तिची आई, दोघी आल्या होत्या शाळेच्या फाटकाशी. सपना म्हणाली, पाऊस येईपर्यंत तुझ्या घरी राहू का, शाळा पण होईल, खेळ पण. मी म्हटलं, घरी विचारून सांगते.”

“मग? तू कधी विचारलं नाहीस.”

“नाही विचारलं.” तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. “सपना घरी आली की आई तिला चहा मागच्या दारात देते, पप्पा. वेगळ्या कपात. आणि तुमी बघता, आणि काय बोलत नाय.”