माझ्यात नसलेले दोन सूर

मी माउथ ऑर्गन बोलतोय. दहा भोकांचा, तळहातात मावणारा. कारखान्यात माझ्या पोटात पितळी पट्ट्या बसवल्या तेव्हा मधलं सप्तक पूर्ण दिलं, पण खालच्या सप्तकात 'म' आणि 'ध' दिलेच नाहीत. आमच्या खानदानाची घडणच तशी, तक्रार कुणाकडे करणार?

माझे मालक चष्मे बनवतात. दिवसभर लोकांना "हे अक्षर दिसतंय का?" असं विचारून घरी आले की मला मिशीखाली धरतात. गाणं एकच. आधी मधल्या सप्तकात, मग वरच्या, मग खालच्या. मिशीचे केस माझ्या भोकांत शिरतात, पण मी सोसतो.

त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, घरीच शिवणकाम करतात. एकदा त्या "दुधाकडे बघा हं" असं बजावून गिऱ्हाइकाचं माप घ्यायला गेल्या. मालक नेमके वरच्या सप्तकात होते. तिथे फुंकण्या-ओढण्याचा क्रम उलटा होतो, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले होते. दूध ओट्यावरून जमिनीवर आलं आणि बाईंनी अबोला धरला.

चहाचा कप मुकाट्याने टेबलावर आदळू लागला. मालक पार कासावीस झाले. ती बोलली पाहिजे, हवं तर भांडू दे, एवढंच त्यांना हवं होतं. शेवटी तेच गाणं वाजवायचं ठरलं, ते तिच्याही आवडीचं होतं. म्हणजे दूध उतू घालवणाराही मी आणि मनधरणी करणाराही मीच!

मधल्या सप्तकात सुरुवात होताच बाईंनी शिलाई मशीन जोरात चालवलं. वरच्या सप्तकात शेजाऱ्यांचा कुत्रा रडू लागला. मालकांनी घाईघाईने मला खाली आणलं. तिथे 'म' आला, म्हणजे आलाच नाही. नुसती हवा गेली. मालक थांबले, पुन्हा पहिल्यापासून लागले, पुन्हा तिथेच थांबले.

मशीन थांबलं.

"अहो, दर वेळी तिथेच काय अडखळता?" बाई आतून ओरडल्या. "अर्धवट उसवल्यासारखं वाटतं!"

"अगं, याच्यात तो सूरच नाही."

मग बाई म्हणाल्या, "मग तो मी म्हणते. तुम्ही पुढे चला."

मला इतका आनंद झाला की माझ्या पट्ट्या थरथरल्या.

आता रोज खालचं सप्तक आधी होतं, गॅस बंद करून. पुतण्याने सगळे सूर असलेला, बटणवाला नवा माउथ ऑर्गन आणून दिला. मालकांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि तो कपाटात ठेवून दिला.

माझं एकच मागणं आहे. माझे ते दोन सूर कुणी बसवून देऊ नका. ते शिलाई मशीनपाशी आहेत आणि हाक मारली की येतात.