समुद्रवाटेचं कलम

मी कायद्याचं एक कलम बोलतोय. तुम्ही मला ओळखत नसाल तर वाईट वाटून घेऊ नका. ज्या सरकारने मला जन्म दिला, तेही मला विसरलं होतं.

ऑस्ट्रेलियातल्या एका राज्याच्या कायद्यात, घोडागाड्यांच्या काळात, मला लिहिलं गेलं. माझं म्हणणं साधं होतं. समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर कुणाचं फाटक असेल, तर घोडा घेऊन येणाऱ्याला आणि पायी येणाऱ्याला ते उघडं मिळालं पाहिजे.

वॉलॉंगॉंगच्या विमलमावशी अशाच एका वाटेने रोज किनाऱ्यावर जायच्या. नवऱ्याची रक्षा त्यांनी तिथे सोडली होती. पाण्यात पाय बुडवून त्याच्याशी चार शब्द बोलायच्या नि परत यायच्या. फाटक माझ्यामुळे उघडं आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग राज्यात कायद्यांची साफसफाई निघाली. चुकलेले स्वल्पविराम, बंद पडलेल्या खात्यांची नावं, निरुपयोगी कलमं, सगळं काढायचं. या कामावर मावशींची भाची चित्रलेखा होती. कॅसल हिल या उपनगरातून मेट्रोने येणारी, मन लावून काम करणारी. माझ्यातला घोडा बघून तिचा साहेब हसला. "हॉर्सेस? काढून टाक, मेट."

तिने आधी जुने खटले तपासले. माझ्यावरून कित्येक वर्षांत कुणी भांडलंच नव्हतं. म्हणजे मी निरुपयोगी! मी होतो म्हणूनच भांडण होत नव्हतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सभागृहाने मला एकमताने रद्द केलं. विरोधकांनीसुद्धा बाकं वाजवली.

पुढे वाटेवरचं घर विकलं गेलं. नव्या मालकाने वकिलाला विचारलं आणि फाटकाला कुलूप घातलं. मावशींनी भाचीला फोन केला.

"चित्रा, अगं वाट बंद केली गं. तू कायद्यातली ना, बघ काहीतरी."

"थांब मावशी, त्याला एक कलम आहे..." तिला साफसफाईची यादी आठवली. "होतं."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. "ते कलम परत घालू या."

"सॉरी. नवीन कलम घालणं म्हणजे पॉलिसी. ते क्लीनअपमध्ये बसत नाही."

"आणि काढलं तेव्हा?"

"ते टेक्निकल होतं."

शनिवारी तिने मावशींना घेऊन फाटकाची बेल वाजवली. मालक बागेतला पाइप हातात घेऊन आला. भला माणूस. त्याने लगेच कुलूप काढलं. "नो वरीज! कधीही या, फक्त बेल वाजवा."

मावशी आत गेल्या नाहीत.

"घरच्या माणसाला भेटायला रोज परवानगी मागायची? चल, घरी जाऊ."

आता मी सरकारी वेबसाइटवर असतो. नंबर शाबूत आहे, पुढे एकच शब्द: रद्द. मला परत आणणाऱ्या वेगळ्या विधेयकासाठी चित्रलेखा आमदारांच्या ऑफिसात खेटे घालते. तिथे तिला म्हणतात, विषय फार छोटा आहे.

तुमच्यावर कधी अशा साफसफाईचं काम आलं, तर मला विचारू नका. मी माझीच बाजू घेणार. एकदा त्या वाटेवर जाऊन उभे राहा. कुणीतरी चालत येईल.