धडा मागं, ड्रायव्हर पुढं

मित्रांनो, मी एका जुन्या टेम्पोचा त्याहून जुना फाळका आहे. टेम्पोच्या पाठीमागे साखळीला लटकलेली, माल चढवताना खाली पडणारी आणि चढवून झाल्यावर लाथ मारून बंद केली जाणारी जी पत्र्याची झडप असते, ती मी. टेम्पो नऊ वर्षांचा आहे, मी चौदा वर्षांचा. माझा पहिला टेम्पो भंगारात गेला, मी तेवढा वाचलो, आणि मला या टेम्पोला जोडलं. आयुष्यात माझ्या बाजूने घडलेली ही एकमेव गोष्ट, आणि तीही दुसऱ्याच्या मरणामुळे.

तुम्ही मला पाहिलेलं आहे. वडिलांच्या मोटारसायकलवर बसून माझ्या मागे अर्धा अर्धा तास अडकलेले असता तेव्हा तुम्ही माझ्याकडेच बघत असता. तुमचं तोंड उघडं असतं. मीही तुमच्याकडे बघत असतो. मला काय वाटतं ते विचारू नका.

जामखेडच्या एका पेंटरने मला काळाकुट्ट रंग दिला. "अक्षरं उद्या टाकतो," म्हणाला आणि निवडणूक लागली म्हणून भिंती रंगवायला गेला. ती निवडणूक झाली. त्यात निवडून आलेला माणूस पुढच्या निवडणुकीत पडलासुद्धा. पेंटरचा उद्या अजून उजाडलेला नाही. बाकीच्या फाळक्यांवर आईवडिलांचे आशीर्वाद असतात, मुलांची नावं असतात, गुलाब असतात. मी कोरा. कोरं असण्यात एक वेगळाच दर्जा आहे, असं मी स्वतःला सांगत आलो. असं सांगावं लागतं.

माझे मालक गनीभाई. जामखेडपासून आठ किलोमीटरवरच्या गावात त्यांचा शेळ्यांचा व्यापार आहे. रोज जामखेडची खेप आणि आठवड्यातून एकदा काष्टीचा बाजार. शेळ्यांबद्दल मी बोलणार नाही. चौदा वर्षं त्या माझ्या आतल्या बाजूला जे करत आल्या आहेत, त्याबद्दल मुलांसमोर बोलणं बरं नाही.

ड्रायव्हर अजिनाथ. पस्तीसच्या वर गाडी नेत नाही. शेळ्यांना चक्कर येते म्हणतो. रोज सकाळी दोन बादल्या पाणी आणि ओलं फडकं घेऊन गाडी पुसतो आणि सुरुवात माझ्यापासून करतो. एवढा एकच गुण त्याच्यात आहे असं मी समजत होतो. त्या गुणानेच घोटाळा केला, पण ते पुढे.

दसरा झाला की अजिनाथची बायको सविता भावाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला जायची. त्यांची सृष्टी दहा वर्षांची. बाप सारखा रस्त्यावर, घरी कोणी नाही, म्हणून तीही आईबरोबर ट्रकमध्ये. परत येईपर्यंत शाळेत निम्मं पुस्तक संपलेलं असायचं. तिला बेरीज येते आणि भागाकार येतो, मधलं काही येत नाही. मधलं सगळं फडात गेलं.

यंदा अजिनाथला ओमानमधल्या एका कंपनीत पाण्याचा टँकर चालवायचं काम मिळण्यासारखं होतं. पगार असा, की सविताला ऊस तोडायला जायची गरज उरणार नव्हती. अट एकच. एकवीस दिवसांनी कंपनीचा माणूस मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून पन्नास शब्द विचारणार. हिंदीत तो म्हणेल, अरबीत यांनी सांगायचे. पस्तीस आले तर काम.

अजिनाथ सरळ गनीभाईंकडे आला.

"गनीभाई, तुमची तर भाषाच हाय. तेवढी शिकवा की."

आता गनीभाई रोज पहाटे कुराण वाचतात, एक उच्चार इकडचा तिकडे होऊ देत नाहीत. पण अरबीत प्यायला पाणी मागायची वेळ त्यांच्यावर साठ वर्षांत आलेली नव्हती. 'पढायला येतं, बोलायला येत न्हाई,' एवढं साधं वाक्य होतं. ते बोलायला जेवढं लागतं तेवढं धैर्य जिल्ह्यात कुठल्याच मास्तरकडे नसतं.

"त्यात काय," गनीभाई म्हणाले. "उद्यापासून ये."

आणि दुपारच्या गाडीने नगरला जाऊन बसस्टँडवरून एक पातळ पुस्तक घेऊन आले. ते त्यांनी स्टेपनीच्या पोकळीत लपवलं. रोज सकाळी अजिनाथ यायच्या आधी ते माझ्या शेजारी वाकून एक धडा पाठ करत. त्यांची बायको शरिफा एकदा दाण्याचं पोतं घेऊन मागून आली आणि म्हणाली, "मास्तर, स्टेपनीत काय शोधताय? हवा?"

"गप गं. त्याला कळंल."

"कळू द्या की. तुमचा कितवा धडा? त्याचा दुसरा हाय, म्हंजे तुमचा तिसरा असंल."

फळा नव्हता. काळं आणि कोरं असं गावात मी एकटाच. गनीभाईंनी खडू घेतला आणि माझ्यावर लिहिलं: साबण, साबून. दुकान, दुक्कान. खुर्ची, कुर्सी. हवा, हवा. सरळ, सीदा. चौदा वर्षांत माझ्यावर उमटलेली ही पहिली अक्षरं. वेलांट्या चुकलेल्या होत्या. मी काही बोललो नाही.

अजिनाथने पाचही शब्द बोट लावून वाचले. मग हळूच म्हणाला, "गनीभाई, मी गरजू मानूस हाय. माझी गंमत करू नका."

"काय झालं?"

"हे तर सगळं मला आधीच येतं."

"मग चांगलंय की."

"एवढ्या लांब जायाचं आन् तितंबी सरळला सीदाच म्हनत्यात? कसं पटावं मानसाला?"

गनीभाईंनाही ते पटलेलं नव्हतं. अजिनाथ बिडी आणायला गेला तेव्हा त्यांनी स्टेपनीतलं पुस्तक काढून पुन्हा पाहिलं. बसस्टँडवाल्याने आपल्याला गंडवलं की अरबांनी, हे त्यांना ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी खरे शब्द आले. पाणी, मा. उजवीकडे, यमीन. डावीकडे, यसार. थांब, किफ. हळूहळू, शवै शवै. अजिनाथ म्हणाला, "वाटंनं पाठ करतो," आणि गाडी सुरू करून निघाला.

मित्रांनो, तुमच्या लक्षात आलं असेल. तुमच्या येतं, हाच मुद्दा आहे. धडा टेम्पोच्या मागे होता आणि विद्यार्थी टेम्पोच्या पुढे बसला होता. दर दोन किलोमीटरला तो गाडी थांबवायचा, खाली उतरायचा, मागे येऊन मला वाचायचा, पुढे जाऊन बसायचा आणि विसरायचा. दार लावायच्या आवाजाबरोबर त्याच्या डोक्यातून शब्द बाहेर पडत. इतका गळका माणूस मी पाहिलेला नाही. आणि मी शेळ्या पाहिल्या आहेत.

मला मात्र सगळं पाठ झालं. सकाळी गनीभाई लिहायचे, मी दिवसभर मिरवायचो, दुसऱ्या सकाळी अजिनाथ ओल्या फडक्याने कालची विद्या पुसायचा. पुसलं तरी माझं जात नव्हतं. आठव्या दिवशी मला अठ्ठावीस शब्द येत होते, अजिनाथला पाच. साबण धरून.

पण रस्त्यावर दुसरंच काही सुरू झालं. पस्तीसच्या वेगाने चालणाऱ्या टेम्पोमागे अडकलेल्या माणसाला वाचायला दुसरं काय असतं? बिभीषण दूधवाला रोज अर्धं अंतर माझ्या मागे रखडायचा, किटल्या वाजवत आणि मनात शिव्या देत. अजिनाथने एकदा सिग्नल न देता गाडी उजवीकडे घेतली, तेव्हा बिभीषण बाजूने मोटारसायकल पुढे काढताना ड्रायव्हरच्या खिडकीशी येऊन ओरडला, "यमीन, झोपला का रं? मागं लिवलंय आन् सोताला ठाव न्हाई!"

तिथून साथ पसरली. जो तो ओव्हरटेक करताना माझ्यावरचा एक शब्द उचलायचा आणि अजिनाथच्या कानात फेकून जायचा. जीपवाले, चाऱ्याचे ट्रॅक्टर, लग्नाचं वऱ्हाड. गाडी इतकी हळू, की पुढे न गेलेलं वाहन सापडणं मुश्किल. एकेक शब्द चाळीस चाळीस वेळा, आणि प्रत्येकासोबत अपमान फुकट. बिभीषण तर नवीन धडा नसला की तक्रार करायचा. "कालचंच हाय आज. मास्तर आजारी हाय का?"

मला या लोकांची शिसारी आली. माझ्यावरची विद्या ही अशी धुरळ्यात उधळायची गोष्ट होती का? अजिनाथला त्यातून काही येईल, असं मला एक क्षणही वाटलं नाही.

त्यालाही वाटलं नसावं. विसाव्या दिवशी संध्याकाळी तो गनीभाईंना म्हणाला, "गनीभाई, डोक्यात र्‍हात न्हाई. असं करू. पन्नासबी फाळक्यावर लिवा. सविता मोबाईल फाळक्याम्होरं धरंल. मी मोबाईलकडं बघितल्यागत करून वाचीन."

गनीभाईंनी स्टेपनीतलं पुस्तक काढून त्याच्यापुढे धरलं. मग म्हणाले, "मला बी एवढेच येतात, अजिनाथ. पुस्तकातनं शिकलो, तुझ्या आधी एक दिवस."

"ठाव हाय," अजिनाथ म्हणाला. "स्टेपनी बदलायला मीच असतो की, गनीभाई."

दोघांनी मिळून पन्नास शब्द बारीक अक्षरात लिहिले. वेलांट्या शरिफाने दुरुस्त केल्या. मी इतका भरलेला कधीच नव्हतो. कंपनीच्या माणसाला मी दिसणार नव्हतो, पण नोकरी माझ्या जिवावर लागणार होती. हे मी नमूद करून ठेवतो.

सकाळी अजिनाथ उठला, दोन बादल्या भरल्या, ओलं फडकं घेतलं आणि गाडी पुसली. सुरुवात माझ्यापासून.

सवय, दुसरं काही नाही. हाताने पुसलं, डोकं ओमानला होतं. सविता मोबाईल घेऊन आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी काळाकुट्ट, ओला आणि स्वच्छ. पन्नास शब्द बादलीत होते.

"आवो," ती म्हणाली, "फाळका कुटंय?"

फाळका तिथेच होता. तिला काय म्हणायचं ते सगळ्यांना कळलं. अजिनाथ फडकं हातात घेऊन बसला. गनीभाई खडू घेऊन धावले, तीन शब्द लिहिले आणि मोबाईल वाजला.

मित्रांनो, मला पन्नासही येत होते. ओळीने, उलटे, कसेही. मला विचारा, असं मी अख्खा पत्रा ताणून सांगत होतो. फाळक्याला कोण विचारतं?

"पानी," मोबाईलमधला माणूस म्हणाला.

अजिनाथने माझ्याकडे पाहिलं. पाणी तर गनीभाईंच्या तीन शब्दांतही होतं. पण पत्रा ओला होता, खडू उमटलाच नव्हता.

"पानी," माणूस पुन्हा म्हणाला.

"सर," अजिनाथ म्हणाला, "गाडी में बैठ के बोलू क्या? आदत है."

माणूस म्हणाला, कुठेही बसा. अजिनाथ पुढे गेला, सीटवर बसला, स्टेअरिंग धरलं आणि इंजिन सुरू केलं. सविता मोबाईल घेऊन त्याच्या उजव्या हाताच्या खिडकीशी उभी राहिली. जिथून रोज सगळे ओरडत जायचे, बरोबर तिथे.

"पानी."

"मा," अजिनाथ ओरडला. "पी जरा, तोंड वाळलंय."

"दायाँ."

"यमीन, झोपला का रं."

"बायाँ."

"यसार. रस्ता काय बापाचा हाय व्हय."

"रुको."

"किफ. उतर खाली, दावतो तुला."

एकेक शब्द शेपटासकट बाहेर पडत होता. शेपूट तोडलं तर शब्द येत नव्हता. मोबाईलमधला माणूस लिहून घेत होता. पंधरा-वीस झाल्यावर तो थांबला. "ये 'झोपला का रं' क्या है?"

अजिनाथचा पाय ब्रेकवर गेला. सविता जन्मात कुठल्या साहेबाशी बोललेली नव्हती. तिने मोबाईल जरा जवळ घेतला.

"साब, हमारे इधर ऐसा इज्जत से बोलते हैं."

"अच्छा," माणूस म्हणाला आणि पुढचा शब्द विचारला.

गाडी, रस्ता, चावी, बाजार, लिंबू, सगळं आलं. मग माणूस म्हणाला, "घर."

अजिनाथ गप्प.

"बेटी." गप्प. "रोटी." गप्प. इंजिन चालू होतं, तो समोर काचेतून बघत होता, पण काही येईना. येणार कुठून? रस्त्यात कोणी कोणाला घर म्हणून ओरडत नाही. मुलगी, भाकरी, आई असलं ओव्हरटेक करताना कोणी म्हणत नाही.

छत्तीस आले. शरिफा म्हणाली, "एक वरचा साबनाचा हाय." गनीभाईंनी त्या दिवशी दोन शेळ्यांना गूळ चारला. मला काही नाही.

कागद यायला दोन महिने लागले. तेवढ्यात गनीभाईंनी न आलेले चौदा शब्द रोज माझ्यावर लिहिले आणि अजिनाथ इंजिन बंद ठेवून, माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून ते शिकला. मी बघत होतो. मंद आहे माणूस, पण बसतो.

तो गेला. आता गनीभाई स्वतः गाडी चालवतात, म्हणजे तीसच्या वर जात नाहीत. शेवटच्या धड्यातला एक शब्द माझ्यावर राहिला आहे, कारण पुसणारा गेला.

तर मित्रांनो, माझं मागणं फार नाही. बिजागऱ्यांना महिन्यातून एकदा ग्रीस लावा. लाथ मारून बंद करू नका, हाताने करा, हात असतात तुम्हाला. आणि मागे लिहिलेलं वाचलंत, तर पुढच्याला सांगून जा. शिव्या देऊन सांगितलं तरी चालतं, असं मला आता मान्य करावं लागत आहे. मला ते आवडलेलं नाही.

दसऱ्यानंतर टोळीचा ट्रक आला. नेहमीप्रमाणे माझ्या शेजारीच उभा राहिला. त्याच्या फाळक्यावर गुलाब आहेत, चार रंगांत. माणसं चढली, गाठोडी चढली, भांडी चढली. सविताचा भाऊ वरून म्हणाला, "चल की, सविता."

"यंदा न्हाई," ती म्हणाली.

"बघ हां."

"बघितलं."

सृष्टी शाळेत गेलेली होती. सविता मला पाठ टेकून उभी राहिली. ट्रकचा फाळका लाथ मारून बंद झाला, आणि ते गुलाब वळणापर्यंत दिसत राहिले. ती बराच वेळ तशीच उभी होती. मग निघाली.

तिच्या पाठीवर, हिरव्या पदरावर, गनीभाईंचा खडू उमटला होता. 'घर, बैत.' अक्षरं उलटी, वेलांटी कुठेच लागत नसल्याने बरोबर. तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने ते झटकलं नाही. तसंच घेऊन घराकडे चालत गेली.