झाकलेल्या तोंडाचे फोटो

प्रसेनजीत आणि ऐश्वर्या गाडीवर फिरायची ती फक्त थंडीत. स्कार्फ काय, उन्हाळ्यातही बांधता येतो. पण तिचा बाप तवनाप्पा शाहूपुरीतला व्यापारी. अर्धं कोल्हापूर त्या पोरीला नुसत्या चालण्यावरून ओळखणार. थंडीत मात्र जाड जर्किन, कानटोपी, मफलर, हातमोजे. सगळं गावच गुंडाळलेलं असतं, त्यात ही कोण नि ती कोण.

प्रसेनजीत शिरोलीच्या फौंड्रीत दुसऱ्या पाळीला. सकाळ मोकळी. जुनी गाडी, सेकंडहँड कॅमेरा आणि पन्हाळ्याचा रस्ता. तीन हिवाळे त्यानं तिचे फोटो काढले. धुक्यात उभी, गुऱ्हाळाच्या धुरात उभी, उसाच्या ट्रॉलीमागं हसणारी. हसत होती हे त्यालाच ठाऊक. फोटोत नुसते डोळे.

इंटरनेटवर लोक खुळे झाले. चेहरा न दाखवता केवढं बोलतोय फोटो! एका प्रदर्शनात बक्षीसही मिळालं. परीक्षकानं त्याच्या ‘संयमा’वर लांबलचक भाषण ठोकलं. संयम कसला डोंबलाचा? ती जैनाची, हा बौद्धाचा. टाळ्या पडल्या त्या जातीला पडल्या, आणि वाजवणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

तिचा भाऊ अरिहंतही प्रदर्शनाला आला होता. फोटोपुढं थांबून म्हणाला, “पावणं, लई भारी काढलाय की. पोरगी कोण?”

“मॉडेल हाय. पुण्याची.”

“तरीच म्हटलं!” पाठीवर थाप मारून तो गेला.

यंदा जानेवारीत ऐश्वर्याचं लग्न ठरलं. गडहिंग्लजचा मुलगा, जातीतला. पळून जायचं दोघांचं बोलून झालं होतं. तिच्या चुलत बहिणीनं ते करून बघितलं होतं. तिचा नवरा अजून काठी घेऊन चालतो.

शेवटच्या फेरीला वाघबीळच्या वळणावर ती म्हणाली, “थांबव.” उतरली. कानटोपी काढली, मफलर सोडला.

“काढ. एकदा तरी माझ्या तोंडाचा काढ.”

नाक थंडीनं लाल, गालावर मफलरचे वळ. त्यानं काढला. स्क्रीनवर ती बराच वेळ बघत राहिली.

“बरी दिसतो की रे मी.”

“मग? मी काय उगंच मरतोय व्हय?”

ती हसली, आणि हसता हसताच म्हणाली, “आता पुसून टाक.”

“न्हाय.”

“प्रसेन, दादाला कुणीतरी कायतरी सांगितलंय. तुझा कॅमेरा बघितल्याबिगर तो ऱ्हाणार न्हाय.”

“बघू दे. भितो व्हय मी त्याला?”

“तू न्हाईस भीत. तू पाळीला गेल्यावर घरात तुझी आई एकटी असती.”

आईचं नाव निघालं. शिवी ओठावर आली, पण ती कुणाला द्यायची तेच कळेना. तिच्या घराला, बक्षीस देणाऱ्यांना, का तिला पुण्याची म्हणून सांगणाऱ्या स्वतःला?

ऐश्वर्यानं बोट लावलं नाही. फोटो त्यालाच पुसावा लागला.

परतताना तिनं मफलर बांधला नाही. आरशात तिचं उघडं तोंड, वाऱ्यानं डोळ्यांत पाणी.

“रस्त्याकडं बघ, मुडद्या!” ती ओरडली. तो आरशातच बघत होता.

केर्ली गाव मागं पडलं. पंचगंगेच्या पुलाअलीकडं माणसं दिसायला लागली, तशी ती मफलर गुंडाळू लागली. त्यानं गाडी अगदी हळू केली. मागनं उसाचा ट्रॅक्टरवाला हॉर्न मारून शिव्या देत होता, तरी त्यानं वेग वाढवला नाही.