वरच्या कप्प्यातले दोन डबे

मी फ्रिज. आगरदांड्याच्या एका घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बारा वर्षं उभा आहे. आजवर नुसता घरघरत राहिलो. आज बोलतोय, कारण बघून बघून माझं डोकं फिरलंय.

आधी त्या दाराचं सांगतो. माणसं माझं दार उघडतात आणि आत बघत उभी राहतात. काय हवंय ते दाराला हात लावण्याआधी ठरवता येत नाही का? दप्तर पाठीवरच, एक पाय दुसऱ्या पायावर, आणि दार सताड उघडं. माझी सगळी थंड हवा पायांवरून वाहून जाते. आत सहा डबे, दह्याचं भांडं, लिंबं, उकडलेली रताळी, आणि पोरं ओरडतात, "अम्मी, खायला काहीच नाही." झाकण उचलून पाहायचे कष्ट कोण घेणार?

तर माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एकाने पत्रा वाकवला, दुसऱ्याने नळ्या जोडल्या, आणि शेवटी एका बाईने माझ्या आतला दिवा लागतो का ते पाहून मला पुढे ढकललं. मग मुरुडच्या एका दुकानात तीन महिने प्लास्टिकात गुंडाळलेला बसलो. तिथे रशीद आला. कुवेतला क्रेन चालवणारा माणूस, दीड महिन्याच्या रजेवर घरी आलेला. त्याने माझं दार चारदा उघडून लावलं, आणि मला टेम्पोत घातलं.

घरी त्याच्या बायकोने, तहसीनने, मला ओल्या फडक्याने पुसलं आणि बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. मोठा अरमान तेव्हा पाच वर्षांचा आणि धाकटी मेहेक दोनची. मेहेक माझ्या खालच्या ट्रेमध्ये डोकं घालून हसली होती. तेवढा एक दिवस मला कुणाचा राग आला नाही.

पुढे सुरू झालं. शेजारपाजारची कोलंबी माझ्यात, कुणाच्या लग्नाचा रस्सा माझ्यात, इंजेक्शनच्या बाटल्या माझ्यात. कुणी बोंबील उघडेच ठेवून गेलं की आठवडाभर दुधालाही त्यांचा वास. वीज गेली की सगळे मलाच शिव्या देत. खाडीवरच्या खाऱ्या हवेने माझे पाय गंजले. तरी मी काम सोडलं नाही.

खरं दुखणं सुरू झालं ते अरमान सोळाचा झाल्यावर. पोरगा वर्षभरात एवढा उंच झाला की वरच्या कप्प्यात बघायला त्याला वाकावं लागायचं. कॉलेज करून साडेतीनला यायचा आणि भूक अशी, की कच्चा कांदाही सोडायचा नाही. त्याच सुमारास तहसीनला मुरुडच्या समुद्राकाठी एका होमस्टेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. दुपारी एकला निघायची, सातला परतायची. पाहुण्यांना गरम गरम वाढायचं आणि आपली पोरं घरी एकटी, हे तिच्या मनाला खायचं. म्हणून निघण्याआधी ती डबे भरायची.

काय डबे असायचे ते! तांदळाची भाकरी आणि कांदा घालून परतलेला जवळा, म्हणजे बारीक सुकी कोलंबी. मोड आलेल्या मुगाची उसळ. नाचणीचे घावन आणि दही. दोन दोन उकडलेली अंडी, वर रशीदने पाठवलेला खजूर. पोट भरेल, हाडं भरतील, रात्रीपर्यंत दुसरं काही लागणार नाही, असं सगळं. दोन डबे, दोन्ही सारखे, दोन्ही वरच्या कप्प्यात. एक भाईचा, एक मेहेकचा.

अरमान साडेतीनला आपला डबा संपवायचा. साडेचारला परत यायचा आणि मेहेकच्या डब्यातलं एक अंडं उचलायचा. फक्त एकच. पाच वाजता अर्धी भाकरी. सव्वापाचला म्हणायचा, एवढंसं ठेवून काय करायचं? आणि तेही संपवायचा. लबाड नव्हता हो तो. आपण कुणाचं तरी खातोय हे त्याच्या मनातच येत नव्हतं. त्याचाच मला जास्त संताप यायचा.

मेहेक सहाला यायची. शाळा सुटल्यावर खो-खोचा सराव, मग शेअर रिक्षा. ती दार उघडायची, रिकाम्या डब्याकडे एकदाच बघायची आणि दार लावायची. ती एकटीच या घरात दार लगेच लावते. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं वेफर्सचं पाकीट आणि साखर घातलेला चहा. आणि त्यानंतर ती जे करायची, ते बघून मी रोज जळायचो. ती दोन्ही डबे घासून पालथे घालायची.

सातला तहसीन यायची. घासलेले दोन डबे बघायची आणि थकलेल्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं. पोरं जेवतात बरं, असं ती फोनवर रशीदला सांगायची. मी घरघरायचो, खडखडायचो. ती उठून मला भिंतीपासून थोडा पुढे ओढायची. वर्षभर हे चाललं. एवढं मोठं घरघरणारं यंत्र सगळं बघतंय, आणि कुणाला काही सांगता येत नाही! फ्रिजचा जन्म किती निकामी असतो ते मला तेव्हा कळलं.

गेल्या नोव्हेंबरात तालुक्याच्या सामन्यांसाठी मेहेकची निवड झाली. खुंटाजवळून वळताना तिच्याइतकं चपळ कुणी नाही, असं सुजित सर, तिचे खेळाचे शिक्षक, म्हणायचे. सामन्यांना पाच दिवस राहिले असताना ती सरावात पळता पळता खाली बसली आणि उठलीच नाही. सरांनी तिला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या जेमतेम वर. बारा हवं होतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि खेळ बंद सांगितला.

हे सगळं मला कळलं, कारण या घरात बोलणं होतं ते माझ्यासमोरच. संध्याकाळी तहसीन कामावरून धावत आली. मेहेक पाटावर बसली होती, ओठ पांढरे. अरमान दारात उभा. आणि गावातल्या आशा सेविका नीराबाई रिपोर्टचा कागद घेऊन आलेल्या.

तहसीन आधी चिडलीच. घरात खायची कमी नाही, रोज दोन डबे भरून जाते, संध्याकाळी दोन्ही रिकामे असतात, मग हे झालं कसं? नीराबाईंनी तिला बोलू दिलं. पाळी सुरू झाल्यावर मुलींचं रक्त कमी होतं, जंतांचीही गोळी द्यायला हवी, हे सगळं त्यांनी सांगितलं. मग त्या मेहेककडे वळल्या.

"काल शाळेतून आल्यावर काय खाल्लंस, बाय?"

"डब्यातलं."

"काय होतं डब्यात?"

मेहेकने पाटाची कड नखाने खरवडली. मी श्वास रोखला. खरंच, त्या क्षणी माझा कॉम्प्रेसर बंद पडला आणि स्वयंपाकघर एकदम शांत झालं.

"उसळ," ती म्हणाली.

तहसीनने तिच्याकडे बघितलं. "काल घावन होते," ती हळूच म्हणाली.

अरमानच बोलला, आपले पाय बघत. "ते मी खाल्ले. मला वाटलं, तिला नको असतात. ती कधी काही म्हणत नाही."

"तू का नाही बोललीस?" तहसीनने मेहेकला विचारलं.

"भाईला जास्त भूक लागते," मेहेक म्हणाली. जणू हे सगळ्यांना ठाऊकच असतं.

तहसीन उठली. तिने माझं दार उघडलं आणि वरच्या रिकाम्या कप्प्याकडे बघत उभी राहिली, खूप वेळ. त्या एका वेळी मी कुरकुर केली नाही.

ती अरमानवर हात उगारेल असं मला वाटलं होतं. तो असा उभा होता की त्यालाही तेच वाटत असावं. पण नीराबाई म्हणाल्या, "त्याच्या तोंडचा घास काढू नको. तोपन वाढता हाय. दोघांना पुरंल येवढा कर, आन त्याला कामाला लाव."

आता एवढं करायला वेळ कुठून आणायचा? तहसीन दोन दिवस सगळ्यांवर उखडलेली होती. भांड्यांवर, गॅसवर, माझ्यावर. तिसऱ्या दिवशी तिने अरमानला सांगितलं, साडेतीनला तू घरी असतोस, तर अंडी तू उकडायचीस, चणे तू भिजवायचेस, घावन तू घालायचेस. फोनवर रशीद म्हणाला, पोराची बारावी आहे, त्याला चुलीला कशाला जुंपतेस? तहसीन म्हणाली, खायला येतं त्याला करायलाही आलं पाहिजे, आणि तिने फोन मेहेकच्या हातात दिला. बाप लेकीशी काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पुढच्या महिन्यात मात्र त्याने खजूर दुप्पट पाठवला, आणि पुन्हा अरमानची बाजू घेतली नाही.

अरमानचे पहिले घावन तव्याला असे चिकटले की खरवडून काढावे लागले. चणे भिजवायला विसरला. मीठ दोनदा पडलं. कुरकुरत होता, पण करत होता. महिनाभरात जवळा त्याला चांगला जमायला लागला. बहिणीचा डबा भरून मगच तो क्लासला जायला लागला.

इथे गोष्ट संपली असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ही पोरगी! डबा भरलेला, वर तिचं नाव लिहिलेलं, आणि ती काय करायची? दोन अंड्यांतलं एक खायची. अर्धी भाकरी ठेवायची. भाईला भूक लागली तर, असं म्हणून झाकण लावायची. गोळ्या मुकाट घ्यायची, गोळीआधी चहा नको म्हटलं तर तेही ऐकायची, पण पोटभर खा म्हटलं की तिचा हात थांबायचा. सामने तिच्यावाचून झाले. फेब्रुवारीत रक्त साडेनऊ. वर्षभराची सवय गोळ्यांनी कशी जाईल? मी तर दार आपोआप उघडून तिच्यासमोर डबा ढकलला असता. येत नाही, काय करू?

आता माझं थोडंच राहिलंय. दाराचं रबर सैल झालंय, आतला दिवा कधीचा गेलाय, खालचा पत्रा बोट लावलं तरी झडतो. दुरुस्तीवाला सदा येऊन बघून गेला आणि म्हणाला, हा आता ईदपर्यंत काढेल, पुढची खात्री नाही. नवा येणार आहे, दोन दारांचा. त्याला माझं सांगणं काही नाही, त्यालाही बोलता येणार नाहीच. सांगणं तुम्हाला आहे. संध्याकाळी घासलेले डबे बघून खूश होऊ नका. पोरांना विचारा, आज काय होतं? आणि ज्याला सांगता येणार नाही, त्याच्याजवळ बसा.

एवढं बोलून थांबणार होतो. पण परवा, गुरुवारी, जे घडलं ते सांगायलाच हवं.

पाहुणे कमी म्हणून तहसीन लवकर सुटली होती. सहाला मेहेक आली. सुजित सरांनी तिला हळूहळू पळायला परत घेतलंय, त्याचा तो तिसरा दिवस. घामेजलेली, केस कपाळाला चिकटलेले. तिने आपला डबा काढला आणि उभ्याउभ्याच खायला लागली. घावन संपले. अंडी संपली. मग ती थांबली, आणि तिचा हात भाईने क्लासनंतरसाठी राखून ठेवलेल्या डब्याकडे गेला. त्याच्यातली भाकरी आणि जवळा तिने खाल्ला. मग दही. मग रताळं.

तहसीन दारात कधी आली ते तिला कळलं नाही. कळलं तेव्हा ती दचकली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "भाईचं काही राहिलंच नाही."

तहसीनने पदर खोचला, तवा चढवला, पीठ कालवलं. एवढ्यात अरमान आला, रिकामा डबा बघून तोंड उघडणार तोच तिने त्याच्या हातात कांदा आणि सुरी दिली. तो बसला चिरायला.

पहिला घावन तव्यावरून सुटला. तहसीनने तो उलथन्यावर धरून विचारलं, "कुणाला?"

मेहेकने ताट पुढे केलं.