हेमलताच्या हातचं वळण

या मित्रांनो, जवळ या. कीर्तनाला बसतो तशी मांडी घालून बसा. आज एका अक्षराची कहाणी सांगतो.

मी एक जुन्या वळणाचा फॉन्ट आहे. वय मात्र माझं कोवळंच. बेंगळुरूच्या जे. पी. नगरात, हेमलताच्या संगणकावर माझा जन्म झाला. तिचे वडील आप्पाजी कीर्तनकार. शेजारच्या खोलीत ते अभंग घोळवत आणि इकडे ती मला घडवत असे. त्यांनी सूर लांबवला की माझी वेलांटी लांबायची. ते ठेक्यावर पाऊल टाकत, तसा माझा काना खाली येऊन पाऊल रोवतो. जाड रेघा भरदार, बारीक रेघा केसाएवढ्या, आणि टोकाटोकाला ही छोटी पावलं. बारीक मजकुरात घालाल तर मी गुदमरतो. मला मोठं लिहावं, मथळ्यात, मिरवायला.

आणि देवाच्या कृपेनं मी मिरवलोही! लग्नपत्रिकांवर, कॉफीच्या पाकिटांवर, खानावळींच्या पाट्यांवर. "काय राजेशाही अक्षर!" असं लोक म्हणत. ते कुणी काढलं, हे कुणी विचारलं नाही. आप्पाजींना ते सलायचं.

"अगं, यात तुझं नाव कुठंय?"

"आप्पा, तुमच्या मृदंगावर तो करणाऱ्याचं नाव आहे का? वाजला की झालं!" ती हसायची.

मग ती आजारी पडली. अंथरुणात बसूनही माझी जोडाक्षरं नीट करायची. एके सकाळी ती उठलीच नाही.

श्रद्धांजलीचा फलक करायला आप्पाजी बनशंकरीत रघुजीच्या फलकांच्या दुकानात गेले. त्यांचा एकच हट्ट होता: पोरीचं नाव एकदा तरी तिच्याच अक्षरात लागू दे.

रघुजी घुटमळला. "अण्णा, हे लग्नाचं दिसतंय. स्वल्प, थोडं साधं घालू या?"

"हेच घाल रे. तिच्या हातचं आहे."

"सरी, अण्णा," म्हणत रघुजीनं होकारार्थी मान हलवली.

फलक दारात लागला. पुण्याहून नुकतीच राहायला आलेली श्वेता रस्त्यापलीकडूनच ओरडली, "काँग्रॅट्स काका! हेमलताताईचं ठरलं? आम्हाला सांगितलंसुद्धा नाही!" हसत हसत ती जवळ आली. फोटोवरचा हार तिला दिसला. तोंडावर हात ठेवून ती तिथेच थिजली.

मित्रांनो, अक्षराला डोळे असते तर मी ते मिटून घेतले असते. त्या नावातली मात्रा डौलात होती, काना रुबाबात उभा होता. मला दुसरं काही येतच नव्हतं.

आप्पाजींनी श्वेताच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको, बाळ. तुझं चुकलं नाही. तिला रडकं अक्षर काढताच यायचं नाही."

त्यानंतर शेजारच्या खोलीतून अभंग ऐकू आला नाही.

मी अजून पाट्यांवर झळकतो आहे. माझं कौतुक खूप झालं, आता ते पुरे. पण एखादं अक्षर डोळ्यांत भरलं, तर क्षणभर थांबा आणि ते कुणी काढलं ते विचारा. आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा एकदा हेमलताची आठवण काढा.